जुन्या गाडीत नवं इंजिन की मूळ इंजिनच? आधी निर्णय, मग पाना



आजचा धडा आहे जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्याच्या व्यवसायाचा. व्हिडिओमध्ये हिशोब जरा पटापट झाला. इथे आकडे सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

समजा, उद्या सकाळी तुमच्या गॅरेजच्या दारात एक प्रीमियर पद्मिनी टोचन लावून आली. मालक म्हणतो, "वडिलांची गाडी आहे. पैशांचं बघू, पण हिच्यात आजच्या गाडीचं इंजिन बसवा. पिकअप पाहिजे, एसी पाहिजे." शेजारी त्याचे काका उभे आहेत. ते म्हणतात, "अरे, इंजिनच बदललं तर ती दादाची गाडी कुठे राहिली?"

आता तुम्ही काय उत्तर द्याल?

नवीन गॅरेजवाला बहुतेक वेळा दोघांनाही मान डोलावतो. "करू साहेब, होऊन जाईल." तोट्याची सुरुवात इथूनच होते. पुढे सहा महिने गाडी शेडमध्ये उघडी पडते, ॲडव्हान्स संपतो, ग्राहक फोनवर फोन करतो. शेवटी गाडी ना वडिलांची राहते, ना आजची होते.

म्हणून या धड्याचं सार आधीच सांगतो. मूळ राखणं आणि नवं बसवणं ही एकाच कामाची दोन रूपं नाहीत, ते दोन वेगळे व्यवसाय आहेत. कोणता करायचा हे पहिला बोल्ट सुटण्याआधी ठरवा. आणि कोणताही केला तरी मागे फिरायचा रस्ता उघडा ठेवा.

१. ग्राहक इंजिन नाही, तुमचा शब्द विकत घेतो

जुन्या गाडीचा ग्राहक तुमच्याकडून दोनपैकी एक शब्द विकत घेतो.

पहिला शब्द: "होती तशी करून देतो." या ग्राहकाला गाडीत आठवण हवी असते, किंवा संग्रह हवा असतो. तो चासी नंबर आणि इंजिन नंबर जुळतो का बघतो. कार्ब्युरेटर त्याच मेकचा आहे का, डॅशबोर्डची घड्याळं मूळची आहेत का, हे तो विचारतो. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात 'मॅचिंग नंबर्स' हा शब्द चालतो, तो याचसाठी. कारखान्यातून जे इंजिन घेऊन गाडी बाहेर पडली तेच आजही तिच्यात आहे, याला तिथे पैसे मिळतात.

दुसरा शब्द: "रोज चालेल अशी करून देतो." या ग्राहकाला गाडी दिसायला जुनी आणि वागायला नवी हवी असते. एका सेल्फला चालू झाली पाहिजे, ट्रॅफिकमध्ये गरम होता कामा नये, हायवेला दम टाकता कामा नये. नंबर जुळतो की नाही याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं.

दोघांची कसोटी वेगळी, दोघांचा दर वेगळा, दोघांची तक्रारही वेगळी. पहिल्याला तुम्ही चमचमीत नवा आरसा लावून दिलात तर तो नाराज होतो. दुसऱ्याला तुम्ही तीन महिने शोधून मूळ आरसा आणलात तर तो म्हणतो, एवढे पैसे कशाचे? एकाच शेडमध्ये, एकाच दरपत्रकावर दोघांना सांभाळायला गेलात की दोघंही हातचे जातात.

२. 'मूळ' म्हणजे नेमकं काय?

इथे अनेकांची गल्लत होते. मूळ म्हणजे सगळ्यात जुनं, असा अर्थ नाही.

ॲम्बेसेडर घ्या. हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डच्या आराखड्यावरून ही गाडी १९५० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आणली आणि २०१४ पर्यंत बनवली. अनेक वर्षं तिच्यात ब्रिटिश बीएमसी घराण्याचं १४८९ सीसीचं इंजिन होतं. १९९० च्या दशकात कंपनीने स्वतःच तिच्यात इसुझूचं १८०० सीसी वर्गातलं पेट्रोल इंजिन बसवलं. म्हणजे बॉडी जुन्या वळणाची, इंजिन नव्या पिढीचं, आणि तरीही ती गाडी शंभर टक्के मूळ. कारण ती कारखान्यातूनच तशी निघाली आणि आरसीवर तशीच नोंदली गेली.

आपल्या मुंबईचं उदाहरण बघा. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० बनवली, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून चालली. इंजिन १०८९ सीसी, ताकद साधारण चाळीस हॉर्सपॉवर. याच कंपनीने १९८० च्या दशकात ११८ एनई ही गाडी काढली. तिची बॉडी होती फियाट १२४ ची आणि इंजिन होतं जपानी निस्सानचं, ११७१ सीसी. इटलीची बॉडी, जपानचं इंजिन, कुर्ल्याचा कारखाना.

यातून दोन गोष्टी शिकायच्या.

एक, आधी आरसी वाचा, मग बॉनेट उघडा. आरसीवर इंजिन नंबर कोणता, इंधन कोणतं, सीसी किती, हे वाचल्याशिवाय 'मूळ' हा शब्द तोंडातून काढू नका. जुन्या गाड्यांची इंजिनं आधीच्या मालकांनी बदललेली असू शकतात. नंबर जुळत नसेल तर ते पहिल्याच दिवशी ग्राहकाला दाखवा आणि जॉब कार्डवर लिहा. उद्या तो दोष तुमच्या अंगावर यायला नको.

दोन, कंपनीने इंजिन बदललं म्हणून आपणही बदलू, असं म्हणू नका. कंपनीने तो बदल एकदा आखला, तपासला, मंजूर करून घेतला आणि खर्च हजारो गाड्यांवर वाटला. तुम्ही तोच खटाटोप एका गाडीसाठी करणार आणि सगळा खर्च एकाच बिलात मागणार. हातात पाना तोच असला तरी गणित वेगळं आहे.

३. इंजिन बदललं की काय काय बदलतं?

ग्राहकाला वाटतं, एक इंजिन काढायचं आणि दुसरं ठेवायचं. चला, यादी करू.

बसवण्याची दिशा: पद्मिनी आणि ॲम्बेसेडरमध्ये इंजिन लांबीत उभं बसतं आणि ताकद शाफ्टमधून मागच्या चाकांना जाते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं ओढतात. म्हणजे भंगार बाजारात स्वस्तात मिळालेलं चांगलं इंजिनसुद्धा तुमच्या कामाचं असेलच असं नाही.

फाउंडेशन: नव्या इंजिनाचे पाय जुन्या जागी बसत नाहीत. ब्रॅकेट बनवा, वेल्डिंग करा. अलाइनमेंट थोडी जरी चुकली तरी गाडी थरथरते.

गिअरबॉक्स आणि शाफ्ट: इंजिन बदललं की बहुतेक वेळा गिअरबॉक्स बदलतो, मग शाफ्टची लांबी बदलते. पद्मिनीच्या जुन्या मॉडेलला गिअर स्टिअरिंगजवळ आहे. तो आता कुठे आणणार?

इंधन: कार्ब्युरेटरला पंपाचं प्रेशर पाव किलोच्या आसपास पुरतं, इंजेक्शनच्या इंजिनाला तीन किलोच्या आसपास लागतं. म्हणजे पंप, पाइप, फिल्टर सगळं नवं. जुन्या रबरी पाइपवर ते प्रेशर सोडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

इलेक्ट्रॉनिक्स: नवं इंजिन ईसीएम, सेन्सर आणि किल्लीतल्या चिपशिवाय चालत नाही. वायरिंगची एक जोडणी राहिली तरी ते गप्प बसतं. जुना मिस्त्री कानाने इंजिन ओळखतो, पण इथे स्कॅनर लागतो आणि तो वाचणारा माणूसही लागतो.

ब्रेक: ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वेग ६० वरून ९० वर गेला तर वेग झाला दीडपट. पण गाडी थांबवताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा होते सव्वादोनपट. नवं इंजिन गाडी पळवेल हो, पण जुने ड्रम ब्रेक तिला वेळेवर थांबवतील का? इंजिन बसवून ब्रेक तसेच ठेवणारा गॅरेजवाला ग्राहकाच्या जिवाशी खेळतो.

रेडिएटर, सायलेन्सर, स्प्रिंग आणि स्टिअरिंग हे वेगळंच.

४. आता हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या गावचे आकडे टाकून हाच हिशोब परत करा.

गॅरेजचा महिन्याचा खर्च:
शेडचं भाडं २५,०००
दोन फिटर, प्रत्येकी २२,००० प्रमाणे ४४,०००
एक हेल्पर १२,०००
वीज ६,०००
हत्यारं, ऑइल, चिंध्या, किरकोळ ८,०००
तुमचा स्वतःचा पगार ३५,०००
एकूण १,३०,००० रुपये

स्वतःचा पगार धरला नाहीत तर तुम्ही व्यवसाय करत नाही, फुकट नोकरी करता. तो धराच.

आता तास मोजू. दोन फिटर, २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे ४०० तास. पण पार्ट आणायला जाणं, वाट बघणं, सामान शोधणं यात वेळ जातो. बिलात लावता येतील असे तास धरा ६० टक्के, म्हणजे २४०.

१,३०,००० भागिले २४०, म्हणजे तासाला साधारण ५४२ रुपये. हा तुमचा खर्च. तुम्ही ग्राहकाला तासाला ७०० लावता. पार्टचे पैसे आणि जीएसटी वेगळा.

काम पहिलं, मूळ इंजिन पूर्ण खोलून नवं करणं. बोअरिंग, पिस्टन-रिंग, क्रँक ग्राइंडिंग बाहेरच्या वर्कशॉपमध्ये, बाकी मजुरी तुमची. अंदाज ६० तास. बिल ४२,०००. वेळेत झालं तर खर्च ३२,५२०, नफा ९,४८०.

काम दुसरं, इंजिन बदलणं. अंदाज १५० तास. बिल १,०५,०००. वेळेत झालं तर खर्च ८१,३००, नफा २३,७००.

कागदावर दुसरं काम अडीचपट फायद्याचं दिसतं. म्हणूनच माणूस भुलतो.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. मूळ इंजिनाचं काम माहितीतलं आहे. कुठे अडेल हे जुन्या मिस्त्रीला ठाऊक असतं. ६० चे ७० तास झाले. खर्च ३७,९४०. नफा कमी झाला, पण ४,०६० रुपये उरले.

इंजिन बदलण्याचं काम दर वेळी पहिल्यांदाच होत असतं. ब्रॅकेट दोनदा बनवले, शाफ्ट परत कापला, वायरिंगला आठवडा गेला. १५० चे २६० तास झाले. खर्च १,४०,९२०. बिल १,०५,०००. तोटा ३५,९२० रुपये. शिवाय एवढे दिवस शेडमधली एक जागा अडली. त्या जागेवर चार सर्व्हिसिंग झाल्या असत्या, त्या गेल्या.

मुद्दा लिहून ठेवा: नफा मोठ्या बिलात नसतो, अंदाज बरोबर येण्यात असतो. नव्याने सुरू करणाऱ्याने अशी कामं घ्यावीत, ज्यांचा अंदाज दहा-वीस टक्क्यांपलीकडे चुकत नाही.

५. कायदा काय म्हणतो?

हा भाग वाचल्याशिवाय कोणालाही शब्द देऊ नका.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने ठरवून दिलेले आणि आरसीवर नोंदलेले तपशील बदलतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट स्पष्ट केली. कलम १८२अ प्रमाणे नियमाबाहेर बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणजे "कुठलंही इंजिन आणा, बसवून देतो" हा व्यवसाय आपल्याकडे मुळातच कच्च्या पायावर उभा आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. तेव्हा आरटीओत गाडी तपासली जाते. इंजिन नंबर जुळला नाही की मालक अडकतो आणि मग तो तुमच्या दारात येतो. अपघात झाला तर विम्याचा क्लेमही अडकू शकतो. त्याच जातीचं, त्याच मेकचं दुसरं इंजिन बसवलं तरी नंबर बदलतोच, त्यामुळे आरटीओची परवानगी आणि नोंद हवीच. इंजिन कुठून आणलं याचा कागदही हवा. भंगारातून बिनकागदाचं इंजिन घेतलं आणि ते चोरीच्या गाडीचं निघालं, तर पोलीस आधी तुम्हाला विचारतील.

कायद्याने एक दार उघडं ठेवलं आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसारख्या दुसऱ्या इंधनावर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवता येतं. पण ते किट तपासून प्रमाणित झालेलं हवं. पुण्यातली एआरएआय ही अशी तपासणी करणारी संस्था आहे. किट त्या गाडीच्या मॉडेलला लागू हवं, अधिकृत वर्कशॉपमध्ये बसवलं पाहिजे आणि आरसीवर नोंद झाली पाहिजे. घरी जोडलेली मोटर-बॅटरी या दारातून आत जात नाही.

आणि मूळ राखणाऱ्यांना कायद्यानेच एक बक्षीस दिलंय. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकीला ही नोंदणी मिळते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात. ही गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर येते. तेव्हा "विंटेज नंबर घेऊन लग्नाला भाड्याने देऊ" असं कोणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा.

आता विचार करा. १९७० सालची फियाट घेऊन आलेल्या माणसाचं इंजिन तुम्ही बदललंत, तर तुम्ही त्याच्या गाडीचा विंटेज नोंदणीचा हक्कच काढून घेतलात. हे त्याला आधी सांगणं तुमचं काम आहे.

६. परदेशात काय चालतं, आणि त्यातून काय घ्यायचं

तुम्ही व्हिडिओ बघता, त्यात अमेरिकेतले लोक जुन्या गाडीत नवं व्ही-८ इंजिन शनिवार-रविवारात बसवताना दिसतात. तिथे हे का जमतं? जनरल मोटर्सने १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस मालिकेतलं पहिलं इंजिन आणलं. पुढे त्या मालिकेभोवती अख्खी बाजारपेठ उभी राहिली. खोक्यातून कोरं इंजिन मिळतं, त्याची वायरिंग मिळते, ईसीएम मिळतो, अमुक जुन्या गाडीत बसवायचे तयार ब्रॅकेट मिळतात. तिथल्या गॅरेजवाल्याला शोध लावावा लागत नाही, तो जोडणी करतो. आपल्याकडे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत पार्ट शोधून मिळतील, पण असा तयार संच मिळत नाही. शिकायचं हे की मागे पुरवठा उभा नसेल तर दुसऱ्याचं मॉडेल उचलून आणू नका.

ब्रिटनमध्ये फार बदललेल्या गाडीला जुना नंबर ठेवायचा असेल तर पूर्वी गुण मोजत. मूळ चासी किंवा बॉडीला ५ गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २. आणि इंजिनाला फक्त १. नंबर राखायला ८ गुण लागायचे. म्हणजे तिथे इंजिन बदललं तरी गाडीची ओळख टिकू शकते. आपल्याकडे तसं नाही. व्हिडिओ तिकडचा, आरटीओ इकडचा, हे विसरू नका.

कॅलिफोर्नियातली सिंगर ही कंपनी जुन्या पोर्शे ९११ नव्याने घडवते. सगळं आधुनिक दर्जाचं, किंमत डोळे फिरवणारी. पण तिने नाव केलं ते पोर्शेच्या एकाच पिढीवर, १९८९ ते १९९४ च्या गाड्यांवर. आणि त्या गाड्यांत इंजिन हवेने थंड होणारं पोर्शे घराण्याचंच ठेवलं, त्याची ताकद वाढवली. एवढ्या श्रीमंत ग्राहकांनाही इंजिनाची जात बदललेली नको होती.

शेवटचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. ॲस्टन मार्टिनने २०१८ मध्ये आपल्या जुन्या गाड्यांसाठी विजेवर चालणारा एक संच दाखवला. तो मूळ इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जागी, त्याच फाउंडेशनवर बसतो. नको झाला तर काढायचा आणि मूळ इंजिन परत बसवायचं. गाडीला एकही नवं भोक पडत नाही. मागे फिरायचा रस्ता म्हणतो तो हाच.

७. मग विकायचं काय?

आपल्याकडच्या छोट्या गॅरेजसाठी माझा सल्ला: मूळ इंजिन ठेवा, भरवसा नवा द्या. ग्राहकाला नवं इंजिन हवं असतं ते कशासाठी? गाडी बंद पडते, तापते, सेल्फ मारत नाही, म्हणून. ही दुखणी इंजिन न बदलता बरी होतात, आणि त्यातलं बहुतेक काम उलटं फिरवता येतं.

• पॉइंटच्या जागी डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. वरून दिसतसुद्धा नाही.
• डायनामोच्या जागी अल्टरनेटर. हेडलाइट मंद होण्याची तक्रार जाते.
• रेडिएटरचा कोअर नवा, सोबत थर्मोस्टॅटवर चालणारा विजेचा पंखा. ट्रॅफिकमध्ये तापणं थांबतं.
• पूर्ण नवी वायरिंग, फ्यूज आणि रिलेसह. जुन्या गाडीला आग लागण्याचा मोठा धोका इथेच असतो.
• ब्रेकचे सिलिंडर, होज, लायनर सगळं नवं, मूळ मापाचं.
• वाल्व सीट. भारतात २००० सालापासून पेट्रोल शिसेमुक्त झालं. त्याआधीच्या इंजिनांच्या सीट मऊ असतील तर लवकर झिजतात. हेड उतरवलंच आहे तर कडक सीट बसवून घ्या.
• इथेनॉलला टिकणारे पाइप, सील आणि कार्ब्युरेटरचं किट. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, तडकतं. हे काम प्रत्येक जुन्या गाडीला लागतं. नवीन गॅरेजसाठी यापेक्षा चांगलं पहिलं पॅकेज मला दिसत नाही.

यातलं प्रत्येक काम अंदाजात बसतं, काही तासांत किंवा दिवसांत संपतं आणि ग्राहकाला फरक लगेच कळतो. एकच मॉडेल धरलंत, म्हणजे फक्त पद्मिनी किंवा फक्त ॲम्बेसेडर, तर दहाव्या गाडीला तुमचा वेळ पहिलीपेक्षा बराच कमी लागेल. पार्टवालेही तुम्हाला ओळखायला लागतील. मोठा बदल, उदाहरणार्थ डिस्क ब्रेक, करायचा असेल तर आधी आरटीओत लेखी विचारा. तोंडी "चालतंय" ऐकून पाना उचलू नका.

८. नाही कसं म्हणायचं?

"जमणार नाही" एवढं म्हणून ग्राहक पाठवू नका. असं बोला:

"साहेब, तुम्हाला गाडी रोज चालायला हवी आहे, बरोबर? इंजिन बदललं तर आरसी अडकेल, आणि उद्या विकायची म्हटली तर गिऱ्हाईक मिळणार नाही. मी हेच इंजिन खोलून नवं करून देतो. इग्निशन, कूलिंग, वायरिंग आजच्या दर्जाची करतो. काढलेला प्रत्येक जुना पार्ट पेटीत भरून तुम्हाला परत देतो. काकांना पाहिजे तशी ती दादांचीच राहील आणि तुम्हाला पाहिजे तशी एका सेल्फला उठेल."

एसीचं विचारलं तर हेही स्पष्ट सांगा की चाळीस हॉर्सपॉवरमधली काही ताकद कॉम्प्रेसर खातो. चढावर एसी बंद करावा लागेल. आधी सांगितलं तर ती माहिती, नंतर सांगितलं तर तो बहाणा.

आणि हे सगळं कागदावर घ्या. गाडी आली त्या दिवशीचे फोटो, इंजिन-चासी नंबरचा फोटो, जॉब कार्डवर "होती तशी" की "रोज चालेल अशी" यापैकी एकावर खूण, ग्राहकाची सही. काम टप्प्यांत वाटा. प्रत्येक टप्प्याचे पैसे तो टप्पा सुरू होण्याआधी घ्या. पैसे थांबले की काम थांबेल, पण गाडी कधीही पूर्ण उघडी पडणार नाही अशा बेताने टप्पे पाडा. काढलेलं इंजिन किंवा पार्ट ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय भंगारात टाकायचा नाही. तुमच्या दृष्टीने ते लोखंड असेल, त्याच्या दृष्टीने ते वडिलांच्या हाताखालचं इंजिन असतं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या गॅरेजचा, किंवा काढायच्या असलेल्या गॅरेजचा, तासाचा खर्च वर दाखवला तसा काढा. स्वतःचा पगार धरून.
२. एक मॉडेल निवडा. त्याच्या वीस पार्टची यादी करा आणि प्रत्येक पार्ट कुठे मिळतो, किती दिवसांत मिळतो, ते प्रत्यक्ष जाऊन लिहून आणा. वीसपैकी पाच मिळाले नाहीत तर मॉडेल बदला.
३. "मूळ इंजिन, नवा भरवसा" या धर्तीवर तीन पॅकेज बनवा, छोटं, मधलं आणि मोठं. प्रत्येकात तास किती, पार्ट किती, हमी कशाची आणि कशाची नाही, हे एका पानात बसवा.
४. जवळच्या आरटीओत जाऊन इंजिन बदलाच्या नोंदीला कोणते कागद लागतात ते विचारून या. ही माहिती ज्याच्याकडे असते, त्याच्याकडे ग्राहक पुन्हा येतो.

चारही झालं की मग शेडचं भाडं ठरवायला निघा. त्याआधी नको.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा.